बेसॉल्टमध्ये लहरींची ऊर्जा दिशेप्रमाणे कमी-जास्त का जिरते? प्रोजेक्टमध्ये अडकलेय, मदत हवी

दगडफूल

नमस्कार मंडळी, एमएस्सी जिओफिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये अशी अडकलेय की दोन आठवडे तेच तेच ग्राफ बघत बसलेय. इथे भूगर्भवाले, ऑइलवाले, बोअरवाले बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून सविस्तरच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावाजवळ खडीची खाण आहे, तिथून बेसॉल्टचा एक मोठा ठोकळा आणला, वरची बाजू कुठली ते खाणीतच खडूने बाण काढून ठेवलं होतं. त्यातून ३८ मिलिमीटर व्यासाचे आणि साधारण ७६ मिलिमीटर लांबीचे तीन प्लग (दंडगोल तुकडे) कापून घेतले, एक उभा, एक आडवा आणि एक ४५ अंशात तिरका. मग ५०० किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर (लहर सोडणारे आणि पकडणारे) दोन टोकांना लावून पी लहर (पुढे-मागे दाबत जाणारी) सोडली, आणि त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याशी स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रीक्वेन्सीत किती ताकद) ताडून क्यू काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्यू म्हणजे क्वालिटी फॅक्टर, लहर एक झोका पूर्ण करते तेवढ्यात तिच्या ऊर्जेतला किती हिस्सा जिरतो त्याचं माप, क्यू जितका मोठा तितकी लहर कमी थकते.

आता आकडे सांगते. वेग उभ्या प्लगमध्ये सेकंदाला ५.४ किलोमीटर, आडव्यात ५.६, म्हणजे फरक जेमतेम चार टक्के. पण क्यू उभ्यात २२ आणि आडव्यात ५०! दगड तोच, ठोकळा तोच, दोन प्लगमध्ये वीतभर अंतर नाही. आणि तिरक्या प्लगचा क्यू या दोघांच्या मध्ये कुठेतरी येईल असं वाटलं होतं तर तो आला १५, दोघांपेक्षा खाली.

माझे प्रश्न असे की वेगात एवढासा फरक आणि ऊर्जा जिरण्यात दुपटीहून जास्त हे शक्य आहे का, की मापनातच काही चुकतंय? तिरक्याचं काय करायचं? आणि तिसरं म्हणजे प्रयोगशाळेतल्या या मुठीएवढ्या तुकड्याचा खऱ्या भूकंपाच्या किंवा जमिनीखालचे थर बघायच्या सर्व्हेच्या लहरींशी काही संबंध लावता येतो का? गाइडनी "आधी डेटा नीट घे" एवढंच सांगितलंय.

बोअरवाला_फलटण

ताई मला तुमचं क्यू वगैरे समजत नाही पण दगड समजतो, आमची दोन पिढ्यांपासून बोअरची गाडी आहे. तुम्ही एक ठोकळा आणला म्हणताय, तो कुठल्या थरातला आहे ते आधी सांगा. आपल्याकडे जमीन म्हणजे एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्या आहेत. वर मुरूम, मग काळा पाषाण लागतो, त्यात हॅमर हळू जातो आणि बारीक राखाडी भुकटी येते, मग एकदम गाडी सैल पळायला लागते म्हणजे मांजऱ्या लागला, भोकाभोकांचा, त्यात पांढरे खडे भरलेले असतात, कधी मध्येच लाल गेरूचा पट्टा लागतो की पाण्याबरोबर तांबडा चिखल बाहेर. मग परत पाषाण. असं पाच-सहाशे फुटांत किती वेळा होतं ते मोजलेलं नाही पण होतंच होतं. पाणी बहुतेक वेळा या जोडांवरच लागतं.

दुसरं म्हणजे खाणीत दगड फोडणारी जुनी माणसं दगडाची नस बघून छिन्नी लावायची. एका बाजूने दोन घावांत फळी सुटते आणि दुसऱ्या बाजूने घण मारून मारून हात जातात. दगडाला दिशा असते हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. तुमच्या खाणीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला ठोकळा दाखवा, तो नस बोटाने दाखवेल.

जुना_सर्व्हेवाला

बोअरवाल्यांनी मुद्द्यालाच हात घातलाय, दगडाला नस असते आणि ऊर्जा जिरते ती त्या नशीतच.

दगडफूल, तुझा पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून त्यावर जरा वेळ घेतो. वेग कशावर ठरतो? सगळ्या दगडाच्या ताठपणावर. तुझ्या प्लगमध्ये ९८-९९ टक्के खनिजं आहेत, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन, ती सगळ्या दिशांना सारखीच वेडीवाकडी पसरलेली, त्यामुळे ती उभ्यालाही तेवढाच वेग देतात आणि आडव्यालाही. फटी, भेगा, चपटी भोकं यांचा वाटा टक्का-दीड टक्का. त्या आडव्या पडलेल्या असल्या तरी, फारच चपट्या नसतील तर, वेगात फरक थोडाच पडतो. पण ऊर्जा कुठे जिरते? खनिजाच्या स्फटिकात जवळपास नाहीच. ती जिरते फटींत. म्हणजे वेग ही सगळ्या दगडाची सरासरी, आणि झीज हा फक्त त्या टक्काभर फटींचा हिशोब. फटींना दिशा असली की झिजेला पूर्णच्या पूर्ण दिशा येते. म्हणून वेगात चार टक्के आणि क्यूमध्ये दुप्पट हे शक्य आहे का विचारशील तर हो, तसंच अपेक्षित आहे, उलट दोन्हीत सारखाच टक्का आला असता तर मी शंका घेतली असती.

फटीत नेमकं काय होतं ते घरच्या घरी बघता येतं. स्टीलची दोन ताटं धुऊन ओली असतानाच एकावर एक ठेव. वरून तळहाताने दाब, मधलं पाणी कडेने पिचकारीसारखं बाहेर येतं आणि हाताला ते जाणवतं, दाबायला जोर लागतो. आता तीच ताटं कडेने दाब, काही होत नाही, पाणी आहे तिथेच. उभी लहर आडव्या फटीला वरून दाबते, आतला द्रव शेजारच्या बारीक पोकळीत ढकलला जातो, दाब सुटला की परत येतो, आणि या जा-ये मध्ये द्रवाच्या चिकटपणामुळे ऊर्जेची उष्णता होते. आडवी लहर त्याच फटीच्या कडेने निघून जाते, फट दबतच नाही. याला इंग्रजीत स्क्वर्ट फ्लो म्हणतात. तुझी उभी लहर हळू आणि जास्त थकलेली, आडवी वेगवान आणि कमी थकलेली, ही जोडी या चित्राशी बरोबर जुळते.

आता तू म्हणशील माझे प्लग तर कोरडे आहेत. कोरडे म्हणजे किती कोरडे? मोजमाप कधी केलंस? पावसाळ्यात सातारा-पुण्याच्या हवेत टेबलावर ठेवलेला दगड कोरडा नसतो गं, फटींच्या भिंतींवर पाण्याचा पापुद्रा बसलेला असतो आणि तेवढ्याने क्यू दणकून खाली येतो. चंद्रावरच्या दगडांचं उदाहरण बघ, अपोलोने ठेवलेल्या सिस्मोमीटरवर एकेक हादरा तासाहून जास्त वेळ घुमत राहायचा कारण तिथल्या कवचात पाणीच नाही, क्यू हजारांत. तसलेच दगड पृथ्वीवर आणून आपल्या ओलसर हवेत मोजले तेव्हा क्यू आपल्या दगडांसारखाच कमी निघाला, आणि निर्वातात तापवून त्यातली ओल काढल्यावर तो प्रचंड वाढला. तेव्हा तिन्ही प्लग एकदम ओव्हनमध्ये सुकव, पण ६० अंशांच्या वर जाऊ नकोस, कारण आपल्या बेसॉल्टमधल्या भोकांत झिओलाइट नावाची पाणी धरून ठेवणारी खनिजं असतात, जास्त तापवलंस तर त्यांच्या आतलं पाणी निघून जाईल आणि दगडाला नवीनच भेगा पडतील, मग तू त्या मोजत बसशील.

आणखी एक गोष्ट, हिच्यात बरेच जण फसतात. तुझ्या प्लगमधून लहर जाते १४ मायक्रोसेकंदांत, ५०० किलोहर्ट्झला म्हणजे जेमतेम सात झोके. क्यू २२ असेल तर सात झोक्यांत १०० चा आयाम (झोक्याची उंची) ३७ वर येतो, ५० असेल तर ६५ वर. हा फरक दिसतो, छान. पण क्यू २०० असता तर १०० चे फक्त ९० झाले असते आणि तेवढा फरक तर ट्रान्सड्यूसर नीट चिकटला नाही तरी पडतो. म्हणून ५० हा आकडा "निदान ५०" असा वाच, प्रत्येक प्लग काढून परत लावून पाच-सहा वेळा माप आणि आकडे किती हलतात ते आधी बघ.

दगडफूल

काका, ताटांचा प्रयोग आत्ता ओट्यावर करून बघितला, आई विचारतेय काय चाललंय. खरंच कळलं. मोजमाप जुलैमध्ये केलंय, प्लग झिप लॉकच्या पिशवीत होते पण पिशवीला आतून दव यायचं हे आता आठवतंय. सुकवून परत करते.

बोअरवाले दादा, ठोकळा पाषाणातलाच आहे पण एका बाजूला तीन-चार मिलिमीटरची चपटी भोकं आहेत, काही पांढऱ्याने भरलेली. थराच्या वरच्या भागातला असावा.

तिरक्या प्लगचं मात्र अजून कळेना. आमच्या एका सिनियरचं म्हणणं आहे की ॲनआयसोट्रॉपिक (दिशेप्रमाणे गुण बदलणाऱ्या) दगडात ऊर्जा सरळ न जाता बाजूला सरकते त्यामुळे समोरच्या ट्रान्सड्यूसरला ती कमीच मिळते, आणि आपण समजतो की जिरली. असं असेल तर तिरका प्लग टाकूनच द्यावा लागेल.

बर्गनचा_पाऊस

नॉर्वेत सिस्मिक प्रोसेसिंग करतो, मूळचा सांगलीचा. तुमच्या सिनियरचा मुद्दा खरा आहे पण तुमच्या दगडाला लागू होतो का ते गणिताने बघू, उगाच प्लग टाकून नका देऊ.

अशा दगडात लाटेची आघाडी ज्या दिशेला तोंड करून असते त्या दिशेला ऊर्जा जात नाही, थोडी वेगवान दिशेकडे झुकते. ४५ अंशाला हा झुकाव सगळ्यात जास्त आणि कमी ॲनआयसोट्रॉपीत तो ढोबळमानाने वेगातल्या फरकाएवढाच रेडियनमध्ये असतो. तुमचा फरक ०.०३७, म्हणजे दोन अंश. ७६ मिलिमीटर जाताना लहर बाजूला सरकली फक्त पावणेतीन मिलिमीटर. तुमच्या ट्रान्सड्यूसरचा व्यास पंचवीसच्या आसपास असेल, त्यात एवढ्याने काही बिघडत नाही. हाच प्लग शेलचा (पापुद्र्यापापुद्र्यांच्या गाळाच्या खडकाचा) असता आणि वेगात २० टक्के फरक असता तर लहर १५ मिलिमीटर सरकली असती आणि मग तुमचा सिनियर शंभर टक्के बरोबर ठरला असता. शिवाय तुम्ही स्पेक्ट्रल रेशो वापरताय, म्हणजे दगड आणि ॲल्युमिनियमच्या स्पेक्ट्रमचं गुणोत्तर फ्रीक्वेन्सीप्रमाणे मांडून त्या रेषेच्या उतारावरून क्यू काढताय, त्यात सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखाच बसणारा तोटा उतारात येतच नाही, फक्त रेष वर-खाली होते. उतार बिघडवायला फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलणारं काहीतरी हवं. (फक्त उतार काढताना कुठली पट्टी घेतली ते बघा, कडेच्या फ्रीक्वेन्सी घेतल्या की काहीही उतार येतो.)

दोन शक्यता मला दिसतात. पहिली, खरंच दगडच तसा आहे. तिरक्या दिशेचा क्यू उभ्या-आडव्याच्या मध्येच यायला हवा असा काही नियम नाहीये. वेगासाठी थॉमसेन यांनी १९८६ मध्ये एप्सिलॉन, डेल्टा, गॅमा हे पॅरामीटर मांडले, त्यात एप्सिलॉन उभ्या-आडव्यातला फरक सांगतो आणि डेल्टा उभ्याच्या जवळच्या तिरक्या दिशांचं वागणं. झू आणि त्स्वान्किन यांनी २००६ मध्ये तसेच पॅरामीटर ॲटेन्युएशनसाठी, म्हणजे झिजेसाठी, मांडले आणि त्यातला डेल्टा वेगातल्या ॲनआयसोट्रॉपीवर पण अवलंबून असतो, त्याचं चिन्ह उलटं असेल तर मधल्या कोनात झीज दोन्ही टोकांपेक्षा जास्त किंवा कमी होऊ शकते. म्हणजे उभा आणि आडवा मोजून मध्ये सरळ रेघ मारणं हे चूकच, तुम्ही तिरका कापला ते फार बरं केलंत, खूप लोक कापतच नाहीत.

दुसरी शक्यता साधी, तिरक्या प्लगमध्ये एखादी केसाएवढी भेग आडवी आलीये. बघायला सोपं आहे. प्लग पाण्यात बुडवून काढा, कपड्याने पुसा आणि पंख्याखाली ठेवून बघत राहा. बाकीचा दगड वाळून फिका होतो आणि भेग असेल तर तिची रेघ ओली, काळी राहते. मिनिट-दोन मिनिटंच दिसते, मोबाइल हातात ठेवा. आणि हे सुकवण्याच्या आधी करा.

एस लहरपण (जाण्याच्या दिशेला आडवी हेलकावणारी) मोजा जमलं तर. आडव्या प्लगमध्ये एसचं हेलकावणं एकदा आडवं ठेवून आणि एकदा ट्रान्सड्यूसर नव्वद अंशात फिरवून उभं ठेवून मापा, दोन वेगळे वेग आणि दोन वेगळे क्यू मिळतील, फटी खरंच आडव्या आहेत का याचा तो स्वतंत्र पुरावा. एससाठी साधं जेल चालत नाही, घट्ट चिकट काहीतरी लागतं, लॅबमध्ये बरेच जण मध वापरतात. आमच्याकडची काकवी पण चालेल असं मला मनापासून वाटतं, फक्त दरवेळी सारखाच पातळ थर द्या.

जुना_सर्व्हेवाला

पावसाने तिरक्याचं बरोबर सांगितलंय, मी आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, लॅब आणि खरी जमीन.

तुझ्या ५०० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ११ मिलिमीटर. भोकं तीन-चार मिलिमीटरची. म्हणजे भोकं लहरीच्या तुलनेत लहान नाहीत, लहर त्यांच्यावर आपटून विखुरते. तुझ्या क्यूमध्ये जिरणं आणि विखुरणं दोन्ही आहे, आणि भोकं चपटी असल्यामुळे विखुरणंसुद्धा दिशेप्रमाणे वेगळं. सर्व्हेत आम्ही वापरायचो ३० हर्ट्झ, लांबी १८० मीटर. त्या लहरीला तुझी भोकं दिसतसुद्धा नाहीत. मग तिला काय दिसतं? बोअरवाल्यांच्या भाकऱ्या! पाषाण, मांजऱ्या, गेरू, पाषाण. विखुरणं तेच, फक्त माप बदललं.

मी सौराष्ट्रात काही हंगाम काढलेत, बेसॉल्टच्या खाली मेसोझोइक गाळाचे थर आहेत आणि तेल-वायूसाठी ते बघायचे असतात. हिवाळ्यात पहाटे केबल टाकायची, भोकात स्फोट करायचा आणि कागदावर रेकॉर्ड यायचं, वर बेसॉल्टच्या माथ्याची जाड काळी पट्टी आणि तिच्या खाली सगळी भाजणी, काही म्हणजे काही ओळखू यायचं नाही. तरुण होतो, वाटायचं चार्ज वाढवला की दिसेल. चार्ज वाढवला की भाजणीच जास्त काळी यायची.

का ते आता गणिताने बघ. अखंड पाषाणात वेग ५.५ आणि घनता २.८५ धर, भोकाळ माथ्यात ३.५ आणि २.४. दोघांच्या सीमेवर परावर्तनाचा आकडा येतो ०.३, म्हणजे ३० टक्के आयाम परत फिरतो. लहर खाली जाताना आणि परत वर येताना त्या एका सीमेतून मिळून ९१ टक्के आयाम वाचतो. ऐकायला चांगलं वाटतं. अशा २० सीमा ओलांडल्या की उरतो १५ टक्के. ५० सीमा, म्हणजे २५ थर, की एक टक्कासुद्धा नाही. सगळ्या सीमा इतक्या तीव्र नसतात हे मान्य पण दिशा कळली ना, यात एक कणही उष्णता झालेली नाही, ऊर्जा नुसती वर-खाली आपटत राहिली. गंमत अशी की लहर मरत नाही, दोनदा आपटून परत खाली वळलेले तिचे तुकडे मागून येऊन मिळतात आणि एक मंद, जाडसर लहर पुढे जाते, बारीक फ्रीक्वेन्सी मात्र मागे राहतात. ओ'डोहर्टी आणि ॲन्स्टी यांनी १९७१ मध्ये हे नीट मांडलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं खडकाचा क्यू कमी आहे.

आणि हीच लहर थरांच्या कडेने आडवी गेली तर? तिला सीमाच ओलांडाव्या लागत नाहीत, ती पाषाणाच्या पट्ट्यातून निघून जाते. म्हणजे प्रत्येक तुकडा सगळ्या दिशांना सारखा असला तरी नुसत्या रचनेमुळे उभ्याला झीज जास्त आणि आडव्याला कमी. तुझ्या प्लगमध्ये फटी आडव्या, डोंगरात थर आडवे, म्हणून उत्तर एकाच बाजूला झुकलेलं दिसतं, पण कारणं वेगळी आहेत, आणि प्लगचा २२ उचलून १२०० मीटर बेसॉल्टला लावायचा नाही. थीसिसमध्ये हे वाक्य लिहीच.

आता १२०० मीटरला किती झीज होते तेही बघ, अंदाज म्हणून क्यू ४० धरू. वेग ५ किलोमीटर, जाऊन-येऊन ०.४८ सेकंद. ६० हर्ट्झचा आयाम १०० चा उरतो १०, ३० हर्ट्झचा ३२, आणि १० हर्ट्झचा ६९. म्हणूनच बेसॉल्टखालचं बघायचं तर चार्ज वाढवून उपयोग नाही, कमी फ्रीक्वेन्सी लागते आणि लांब ऑफसेट (स्फोटापासून रिसीव्हरचं अंतर) लागतात. हे कळायला आम्हाला बरीच वर्षं गेली आणि त्याची हळहळ मला अजून आहे, कितीतरी चांगल्या लाइनी वाया गेल्या.

बर्गनचा_पाऊस

काका, इथे फॅरो बेटांच्या बाजूला समुद्राखालच्या बेसॉल्टमध्ये हुबेहूब हेच. उत्तर अटलांटिकमध्ये विहिरीत रिसीव्हर सोडून मोजलेले बेसॉल्टचे क्यू दोन अंकी येतात आणि त्यातला मोठा वाटा थरांवर आपटण्याचा असतो, जिरण्याचा कमी.

दगडफूल, एक गोष्ट फक्त लिहून ठेवा, हळू दिशा तीच जास्त थकवणारी हा नियम नाहीये, फटींचं लक्षण आहे. पृथ्वीच्या आतल्या गाभ्यात उलटं आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळच्या भूकंपाच्या लहरी अलास्कात नोंदवतात, त्या गाभ्यातून जवळपास उत्तर-दक्षिण अक्षाच्या दिशेने जातात. त्या विषुववृत्ताच्या दिशेने जाणाऱ्यांपेक्षा गाभ्यात तीनेक टक्के जास्त वेगाने जातात, आणि तरीही जास्त क्षीण होऊन पोचतात. वेगवान आणि थकलेल्या! तिथे पाण्याच्या फटी नाहीत, लोखंडाचे स्फटिक कसे मांडलेत याचा प्रश्न आहे. म्हणून वेग आणि क्यू दोन्ही दिशेप्रमाणे मोजले की कारणाबद्दल बोलता येतं, एकट्या वेगावरून नाही.

कराडचा_पोऱ्या

मी विज्ञानाचा नाही, पण कोयनेच्या भागातला आहे म्हणून विचारतो. आजी सांगते ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात पहाटे सव्वाचारच्या सुमारास काय झालं ते. आता या चर्चेप्रमाणे भूकंपाची ऊर्जा एका दिशेला जास्त जिरत असेल तर त्या दिशेच्या गावांना कमी धोका असं असतं का?

जुना_सर्व्हेवाला

प्रश्न मनापासून विचारलायस म्हणून सरळ सांगतो, असं धरून कोणीही निर्धास्त राहू नये.

कोयनेचे भूकंप बेसॉल्टमध्ये होत नाहीत, त्याच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये होतात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत. कोयनेच्या भागातल्या गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं ना, कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळेचं काम, त्यात १२४७ मीटरपर्यंत बेसॉल्ट आणि मग ग्रॅनाइट लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं तिथे बेसॉल्ट फक्त ३३८ मीटर. म्हणजे लहर उगमापासून आधी ग्रॅनाइटमधून येते, तिथे फॉल्टच्या उभ्या चुराडलेल्या पट्ट्या आणि उभ्या भेगा, आणि मग आपल्या आडव्या थरांतून वर. उभ्या भेगा असल्या की दिशेचा खेळ बदलतो, मग फरक उभं विरुद्ध आडवं असा न राहता भेगेच्या रेषेत जाणारी लहर आणि भेगेला आडवी जाणारी लहर असा होतो.

हे सगळं खरं असलं तरी गावात किती हादरा बसतो ते त्याहून जास्त ठरतं दुसऱ्या गोष्टींवर. फॉल्ट कसा सरकला त्यावर उगमापासूनच काही दिशांना जास्त ऊर्जा निघते. आणि घर पाषाणावर आहे की नदीकाठच्या गाळावर, बांधकाम कसं आहे. नोंदींमधून झिजेची दिशा काढतानासुद्धा आधी हे सगळं वजा करावं लागतं, नाहीतर उगमाचा आकार बघून लोक म्हणतात खडकच तसा आहे. आजीला माझा नमस्कार सांग.

दगडफूल

आठ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी, ओव्हन मोकळा मिळत नव्हता.

पावसाने सांगितलेली ओली चाचणी आधी केली. उभा प्लग, आडवा प्लग, दोन्ही एकसारखे वाळले. तिरका पंख्याखाली ठेवला आणि दीड मिनिटाने एका कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत एक काळी रेघ उरली, केसाएवढी, आणि अंगठ्याच्या नखाने चाचपली तर हाताला काही लागतसुद्धा नाही. इतके दिवस तो प्लग रोज हातात घेत होते. फोटो काढेपर्यंत रेघ अर्धी गेली होती, म्हणून परत भिजवला. मग ठोकळ्याच्या दुसऱ्या अंगाने नवीन तिरका प्लग कापून घेतला, त्याला ओल्या चाचणीत रेघ नाही.

सगळे प्लग ५५ अंशांवर दोन दिवस ठेवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून, प्रत्येक सहा वेळा काढून-लावून मोजला. आडव्याचा क्यू इतका वर गेला की काका म्हणाले तसं या लांबीत धड मोजताच येत नाही, फक्त "८० च्या वर" एवढंच लिहिणार आहे. उभा २२ वरून ३५ च्या आसपास आला, सहा वेळांत तीन-चारने हलतो. नवीन तिरका ४५ ते ५०. वेग मात्र जवळपास होते तिथेच, फरक साडेतीन टक्के. म्हणजे ओल काढली तरी दिशेचा फरक गेला नाही, मग उरलेला बहुतेक भोकांवर विखुरण्याचा असणार, पण हे सिद्ध कसं करायचं ते अजून ठरत नाहीये. २५० किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर शेजारच्या लॅबमध्ये आहेत, लहर दुप्पट लांब झाली की विखुरणं खूप कमी व्हायला हवं आणि जिरणं तेवढं नाही, असा विचार आहे. बरोबर आहे का काका? पण मग झोके साडेतीनच मिळतील.

एससाठी काकवी आणलीये, कोल्हापूरची. पातळ थर देऊन दोन्ही टोकं दाबून धरली की मस्त बसते, फक्त प्लग धुताना गरम पाणी लागतं.

जुना_सर्व्हेवाला

विचार बरोबर आहे. झोके कमी पडतात तर लांब प्लग काप, ठोकळा मोठा असेल तर १५० मिलिमीटरचा घे, सात झोके परत मिळतील. आणि तो भेगाळलेला तिरका प्लग फेकू नकोस, त्याच्यावर "भेग" अशी चिठ्ठी लावून ठेव आणि तोही २५० ला मोज.

बोअरवाला_फलटण

ताई, मोठा ठोकळा पाहिजे असला तर सांगा, पुढच्या आठवड्यात गाडी तुमच्याच बाजूला येतेय. वरची बाजू बाणाने काढूनच आणतो.